आफ्रिकेचे खाते

'भागीदारी' हा शब्द आपल्या परराष्ट्रव्यवहाराच्या भाषेत अलीकडे इतक्या सढळपणे वापरला जातो की, तो मुळात पेढीवरचा शब्द आहे याचे विस्मरण व्हावे. पेढीवरचा भागीदार नफ्यात जसा वाटेकरी असतो तसाच तोट्यातही असतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वही उघडून पाहण्याचा त्याला हक्क असतो. २००८ साली नवी दिल्लीत, २०११ साली आदिस अबाबा येथे आणि २०१५ साली पुन्हा नवी दिल्लीत भारत-आफ्रिका शिखर परिषदा भरल्या. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्याच बैठकीत आफ्रिकी संघाला जी-२० गटाचे कायम सदस्यत्व मिळाले आणि त्याचे श्रेय आपण अभिमानाने घेतले. ते घेण्यात गैर काहीच नाही. परंतु या प्रत्येक प्रसंगी जी निवेदने प्रसिद्ध झाली त्यांत भारताने काय दिले याची यादी असते: कर्जे, शिष्यवृत्त्या, औषधे, प्रशिक्षणवर्ग, शांतिसैनिक. म्हणजे आफ्रिकेच्या नावे आपण पुष्कळ मांडून ठेवले आहे. तिच्या जमेस काय पडते ते पान मात्र कोरे आहे. ज्या खात्याला जमेची बाजूच नाही ते भागीदाराचे खाते नव्हे. ते धर्मादायाचे खाते होय. आणि धर्मादाय घेणाऱ्याला वही पाहावयास मागण्याची सोय नसते.

जबलपूरसारख्या अंतर्भागातील शहरात बसून आफ्रिकेविषयी लिहावे हे काहींना अप्रस्तुत वाटेल. इथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. बाहेरच्या जगाला हे शहर ठाऊक आहे ते भेडाघाटच्या संगमरवरी खडकांमुळे आणि तोफांमुळे. तोफांचे गाडे बनविणारा इथला कारखाना १९०४ पासून चालू आहे. तथापि या शहरात दोन संस्था अशा आहेत की ज्यांच्या दप्तरात आफ्रिकेचे हे कोरे पान भरून निघण्याजोगा मजकूर आहे. एक, अधारतालच्या बाजूचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. आणि दुसरी, छावणीतील ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे केंद्र. विकास आणि शांतता ही जोडगोळी परिषदांच्या ठरावांत नेहमी एकत्र उच्चारली जाते. इथे ती एकाच गावात नांदते आहे.

प्रथम विकासाकडे, म्हणजे एका काळ्या दाण्याकडे वळू. तीळ आणि कारळे या दोन पिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र जबलपूरच्या या कृषी विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. कारळ्याची चटणी ज्याने खाल्ली नाही असा मराठी माणूस विरळा. भाकरी, कारळ्याची चटणी आणि वर तेलाची धार हे जेवण आपण इतके आपले मानतो की त्यातील दाणा परदेशचा असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः कारळे हे इथिओपियाच्या उंच पठारावरचे पीक आहे. तेथील शेतकऱ्यांनी रानातील वनस्पती निवडून, पारखून, पिढ्यान्‌पिढ्या पेरून ते सिद्ध केले. तिथे त्याला 'नुग' म्हणतात. खाद्यतेलाचे ते प्रमुख पीक आहे, आणि तेथील ख्रिस्ती लोकांच्या दीर्घ उपवासांत, जेव्हा दूधतूप वर्ज्य असते, तेव्हा त्यालाच मान असतो. भारतात ते फार प्राचीन काळी आले. आज जगातील कारळ्याचे बहुतांश पीक इथिओपिया आणि भारत हे दोनच देश काढतात. आपल्याकडे मंडला, दिंडोरी, छिंदवाडा या जिल्ह्यांतील गोंड आणि बैगा शेतकऱ्यांनी ते जतन केले. उताराच्या हलक्या जमिनीत, जिथे दुसरे काही धड येत नाही, तिथे ते येते. स्वतःच्या परागाने हे पीक फळत नाही. त्याला शेजारच्या झाडाचा पराग लागतो आणि तो पोहोचविण्यास मधमाशी लागते. त्यामुळे पावसाळा सरता सरता ही पिवळी शेते गुणगुणत असतात.

या पिकाच्या नावांचा इतिहास मोठा बोलका आहे. हिंदीने त्याला 'रामतिल' म्हटले, म्हणजे प्रभू रामचंद्रांच्या नावे केले. मराठीने 'खुरासणी' हे नाव देऊन ते इराणकडील खुरासानच्या पदरात टाकले. इंग्रजांनी त्याला जे नाव दिले त्यात पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदी आहे, जिच्याशी त्याचा संबंध नाही. खरे माहेर आठवणीत ठेवले ते केवळ वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनने. तेथे त्याच्या नावात 'अ‍ॅबिसिनिका' आहे. पण त्याच नावाचा पूर्वार्ध ग्विझो या फ्रेंच मुत्सद्द्याला वाहिलेला आहे, ज्याने बहुधा कारळ्याचा दाणा जन्मात चाखला नसेल! एका पिकाला चार नावे मिळाली, आणि ज्यांनी ते घडविले त्यांची आठवण त्यांपैकी एकाच्याही रोजच्या उच्चारात राहिली नाही. (आज आपले पुष्कळसे कारळे अमेरिकेत पाखरांचा चारा म्हणून जाते, आणि त्याबरोबर अमरवेलीचे बी जाऊ नये म्हणून ते उष्णता देऊन निर्जीव करावे लागते. इथिओपियाचे उपवासाचे धान्य दिंडोरीमार्गे अमेरिकेच्या पाखरांना पोहोचते. व्यापाराची गती अशी असते.)

कारळे हे उदाहरण लहान वाटत असेल तर मोठे घ्यावे. ज्वारी आफ्रिकेची, बाजरी आफ्रिकेची, नाचणी आफ्रिकेची. ज्या धान्यांवर सोलापूर, नगर, मराठवाडा आणि कोकणचा डोंगराळ भाग शतकानुशतके जगला ती तिन्ही धान्ये तिथल्या शेतकऱ्यांची निर्मिती आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गाने या बाजूस आली असे पुराणवनस्पतींचे अभ्यासक मानतात. बरे, हे देणे प्राचीन काळी संपले असेही नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे सी.एस.एच. १ हे आपले पहिले वाण प्रसारित झाले. त्याची मादी जात अमेरिकेहून आली होती आणि तिचे नाव 'कंबाईन काफिर' असे होते. काफिर म्हणजे दक्षिण आफ्रिकेकडील ज्वारीचा गट. पुढे पतनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने, जी १९७२ मध्ये स्थापन झाली, ज्वारीचा दाणा सुधारण्यासाठी इथिओपिया आणि सुदान यांच्या सीमेवरील 'झेराझेरा' जातींचा मोठा आधार घेतला. आपल्या कोठारांत हरितक्रांतीचे जे धान्य आहे त्याची एक मुळी अशी आफ्रिकेत रुजलेली आहे. १९६४ हे वर्ष अन्य दोन कारणांनीही लक्षात ठेवण्याजोगे: याच वर्षी जबलपूरचे कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि याच वर्षी भारत सरकारने विकसनशील देशांतील लोकांना प्रशिक्षण देण्याची आपली तांत्रिक सहकार्याची योजना सुरू केली. आपण एका हाताने घेत होतो तेव्हाच दुसऱ्या हाताने देऊ लागलो होतो. फक्त दुसऱ्या हाताची छायाचित्रे निघाली.

महाराष्ट्राला तर या बाबतीत विस्मरणाची सबब सांगताच येणार नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. मलिक अंबराने जमिनीची मोजणी व प्रतवारी करून पिकाच्या मानाने धारा ठरविला, गावच्या वतनदारांचे हक्क मान्य केले. त्याची ही पद्धत त्याचे राज्य बुडाल्यावरही या मुलखाच्या महसुलास पायाभूत ठरली. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, जी पुढे औरंगाबाद झाली. तिला जमिनीखालच्या नहरींनी पाणी पुरविले. शहाजीराजांनी १६२४ मध्ये भातवडीची लढाई मारली ती त्याच्याच बाजूने. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर महसूलव्यवस्था, नगररचना आणि पाणीपुरवठा या तीनही क्षेत्रांत आफ्रिकेने महाराष्ट्राला तांत्रिक साहाय्य दिले, आणि तेही गुलामाच्या बाजारभावाने. एवढे होऊनही 'हबशी' हा शब्द मराठीत गौरवाचा झाला नाही, हेटाळणीचा झाला.

आता शांततेकडे. ग्रेनेडियर्स ही पलटण मूळची मुंबईच्या लष्कराची. मराठी वाचकाला ती सर्वस्वी परकी नाही: १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे जे पथक लढले त्याची परंपरा याच रेजिमेंटमध्ये विलीन झालेली आहे, १९६५ च्या युद्धातील परमवीर अब्दुल हमीद याच रेजिमेंटचे. या पलटणीच्या आफ्रिकेशी आलेल्या संबंधांपैकी दोन प्रसंगांमध्ये एका शतकाचा नैतिक इतिहास सामावला आहे असे मला वाटते.

पहिला प्रसंग नोव्हेंबर १९१४ चा. पहिले महायुद्ध नुकते पेटले होते. ब्रिटिशांनी भारतातून एक फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा या बंदरावर उतरविली. तीत १०१ वी ग्रेनेडियर्स पलटण होती. हे टांगा आज टांझानियात आहे. मोहीम साफ फसली आणि ग्रेनेडियर्सची फार हानी झाली. त्यांच्यावर गोळ्या झाडणारे बहुतेक जण जर्मन नव्हते. जर्मन अधिकाऱ्यांच्या हाताखालचे आफ्रिकी शिपाई होते. दख्खनेतला आणि उत्तर हिंदुस्थानातला शेतकरी टांझानियातल्या शेतकऱ्याला मारीत होता आणि त्याच्या हातून मरत होता, आणि वाद होता लंडन व बर्लिन यांचा. भारत आणि आफ्रिका यांची आधुनिक काळातली 'लष्करी सहकार्या'ची सुरुवात अशी आहे. संयुक्त निवेदनांत ती कधी येत नाही.

दुसरा प्रसंग जुलै २००० चा, पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमधला. हिऱ्यांच्या खाणींवरून पेटलेल्या तेथील यादवीत १९९९ च्या लोमे करारानंतर संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना गेली. तिचे नेतृत्व भारताच्या मेजर जनरल विजय जेटली यांच्याकडे होते. २००० च्या मे महिन्यात बंडखोरांनी करार धुडकावून शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहुन येथे गुरखा पलटणीच्या सव्वादोनशेच्या आसपास भारतीय जवानांना वेढा पडला आणि तो सुमारे अडीच महिने टिकला. अखेर जुलैच्या मध्यास भर पावसात 'ऑपरेशन खुकरी' झाले आणि वेढा फोडून सर्वांना बाहेर काढण्यात आले. या मोहिमेत ग्रेनेडियर्सची १८ वी पलटण होती. हीच पलटण बरोबर एक वर्षापूर्वी कारगिलमध्ये तोलोलिंग आणि टायगर हिल चढत होती. मोहिमेत घाना आणि नायजेरिया यांच्या पलटणीही होत्या. ब्रिटिशांची हेलिकॉप्टरे होती. म्हणजे टांग्याला एकमेकांवर गोळ्या झाडणारे दोन खंड पंच्याऐंशी वर्षांनी एका निशाणाखाली एका बाजूस उभे होते.

येथवरची कथा आपण हौसेने सांगतो. पुढची सांगत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सेनापती जेटली यांचे एक गोपनीय टिपण वृत्तपत्रांच्या हाती पडले. मोहिमेतील वरिष्ठ नायजेरियन मंडळी हिऱ्यांच्या व्यवहारात हात राखून आहेत आणि कामात अडथळे आणतात असा त्यात आरोप होता. नायजेरियाने तो संतापाने फेटाळला. ज्या देशाने आधीची कित्येक वर्षे पश्चिम आफ्रिकी फौजेमार्फत त्या यादवीत आपली माणसे गमावली होती त्याला, काल आलेल्याने असे बोलावे, हे झोंबणे साहजिक होते. आणि हाताखालचे लोक आज्ञा मानीत नाहीत असे ज्या सेनापतीला दिसत होते त्याची तक्रारही साहजिक होती. खरेखोटे कोणाचे किती हे ठरविण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. जे घडले ते असे की, भारताने आपली संपूर्ण फौज परत बोलावली. सैन्याची सूत्रे केनियाच्या जनरल ओपांडे यांच्याकडे गेली, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या पलटणी आल्या, आणि ती मोहीम २००५ च्या अखेरीस यशस्वी ठरून संपली. तिच्या यशाच्या वेळी आपण तिथे नव्हतो.

या माघारीचा अर्थ मी असा लावतो. रणांगणावर भागीदारी टिकली, मुख्यालयात ती मोडली. कारण तिथे वही कोणीच कोणाला उघडून दाखविली नव्हती. नायजेरियाला आपण त्याच्या अंगणात आलेले उपरे वाटत होतो आणि आपल्याला तो अडचणीचा यजमान वाटत होता. शौर्याच्या बळावर वेढा फुटतो, अविश्वास फुटत नाही. तो कमी करण्यासाठी आधीची वर्षे लागतात: एकमेकांच्या अधिकाऱ्यांची ओळख, एकमेकांच्या भाषेचा थोडा तरी सराव. पुण्याच्या औंध येथे २०१९ च्या मार्चमध्ये भारत आणि आफ्रिकी देश यांच्या सैन्यांचा एकत्रित सराव झाला आणि २०२३ मध्ये पुण्यातच तो पुन्हा झाला. हे पाऊल योग्य दिशेचे होते. मात्र सिएरा लिओनच्या अनुभवानंतर ते पडावयास एकोणीस वर्षे जावी लागली.

याहून मूलभूत दोष शांतिसेनेच्या रचनेतच आहे. काँगोत १९६१ साली कॅप्टन गुरुबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. राष्ट्रसंघाच्या कामगिरीत परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. तेव्हापासून आजतागायत या मोहिमांमध्ये भारताचे दीडशेहून अधिक लोक कामी आले आहेत. लायबेरियात २००७ ते २०१६ या काळात आपल्या महिला पोलिसांची तुकडी होती, ती जगातील अशी पहिली. परंतु मोहिमेचा आदेश लिहितो कोण? काँगोविषयीच्या ठरावांचा मसुदा सुरक्षा परिषदेत परंपरेने फ्रान्स करतो. पैसा मुख्यतः श्रीमंत राष्ट्रे देतात. सैनिक भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा, इथिओपिया देतात. ज्यांचे सैन्य वापरावयाचे त्यांना त्या निर्णयात सहभागी करून घ्यावे असे राष्ट्रसंघाच्या सनदेच्या ४४ व्या कलमात म्हटलेले आहे, आणि भारत ते कलम वारंवार वाचून दाखवीत आला आहे. हा आपला आग्रह न्याय्यच आहे. फक्त तो मांडताना आपण आपल्यापुरतेच मागतो. ज्या गावाच्या रक्षणासाठी पलटण जाते त्या गावाचे त्या आदेशात काय म्हणणे आहे, हा प्रश्न आपणही विचारीत नाही. उत्तर किवूमध्ये आपली ब्रिगेड वर्षानुवर्षे होती. तरीही गोमा शहर नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या हाती गेले. गोम्यातील भारतीय लष्कराचे रुग्णालय लोकांना आपले वाटले. तेथील निळ्या शिरस्त्राणांविषयी मात्र संताप होता. २००८ मध्ये आपल्या काही जवानांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप आले आणि त्यांची चौकशी झाली, हेही याच खात्यात लिहिले पाहिजे. हुतात्म्यांची संख्या छापावयाची आणि हे वगळावयाचे, ही पद्धत हुतात्म्यांचाच अवमान करणारी आहे.

भागीदाराप्रमाणे वागण्याचा एक मराठी दाखला आपल्यापाशी आहे, आणि तो दुसऱ्या औंधचा, साताऱ्याकडील संस्थानाचा. तेथील राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात नैरोबीत भारताचे आयुक्त होते. गांधीजींच्या सल्ल्याने ज्या संस्थानाने १९३९ मध्ये आपला अधिकार ग्रामपंचायतींच्या हाती दिला त्या संस्थानात हा माणूस घडला होता. नैरोबीत त्यांनी तेथील भारतीय व्यापाऱ्यांना न रुचणारी गोष्ट सांगितली: तुमचे भवितव्य गोऱ्या राज्यकर्त्यांच्या मर्जीत नसून आफ्रिकी बहुजनांच्या स्वातंत्र्यात आहे. त्यांची जोमो केन्याटांशी मैत्री होती. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकावयास पाठविण्याची वाट त्यांच्याच काळात रुळली. ब्रिटिशांना हे सहन झाले नाही आणि त्यांच्या दडपणापोटी पंतांना तेथून हलविण्यात आले. त्या वेळी भारताजवळ देण्यासारखा पैसा नव्हता. दिले ते एवढेच की, भांडणात आपण कोणत्या बाजूला आहोत हे लपविले नाही.

त्या विद्यार्थ्यांच्या वाटेचे आज काय झाले आहे? २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाची हत्या झाली, तेव्हा आफ्रिकी राष्ट्रांच्या राजदूतांनी त्या वर्षीचा आफ्रिका दिन साजरा करणे लांबणीवर टाकावे असे सुचविले. पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि राजदूतांनी तिला वर्णद्वेषी म्हटले. सरकारला तो शब्द लागला. तो लागावा इतकी सत्यता त्यात होती. किवूमधील खेड्याचे रक्षण करण्यासाठी आपण हजारो मैलांवर पलटण पाठवितो. आपल्याच शहरात खोली भाड्याने मागणाऱ्या आफ्रिकी मुलाला घरमालक दारातून परत पाठवितो. राजधानीच्या सभागृहात त्याच्या देशाचा ध्वज लावलेला असतो हे त्याला काय कामाचे?

कर्जांविषयी थोडक्यात. भारताचा पतपुरवठा चीनच्या मानाने लहान असला तरी उपयुक्त ठरला आहे. सेनेगलमध्ये भातशेतीसाठी किर्लोस्करांचे पंप अशाच पतपुरवठ्यातून गेले आणि तेथील भाताचे उत्पादन वाढावयास त्यांचा हातभार लागला. किर्लोस्करवाडीच्या लोकांना याचा अभिमान वाटावा. पण या कर्जाच्या अटीनुसार साधारणतः पाऊण हिस्सा माल व सेवा भारतातूनच घ्यावी लागते. व्यापार म्हणून त्यात अन्याय नाही. त्याला त्याग म्हणून मिरवू नये, एवढेच.

मग जमेचे पान भरावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याचा एक भाग जबलपूरलाच सुरू करता येण्याजोगा आहे. हळदीच्या औषधी गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले तेव्हा भारत खवळला, आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून थांबला. परंपरेने आलेले ज्ञान दुसऱ्याने आपल्या नावे करू नये हा न्याय आपण तेव्हा जगाला ऐकविला. इथिओपियाच्या टेफ या धान्याच्या बाबतीत असाच प्रसंग आला. एका डच कंपनीशी २००५ मध्ये लाभवाटपाचा करार झाला, कंपनी दिवाळखोर निघाली, इथिओपियाच्या पदरी नगण्य रक्कम पडली आणि पेटंट मात्र २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने अवैध ठरवीपर्यंत टिकले. आपण ज्वारी, बाजरी आणि कारळे यांच्या बाबतीत पेटंट घेतले नाही हे खरे. प्राचीन देवघेवीचे भाडे आज कोणी मागत नाही हेही खरे. परंतु हळदीचा न्याय कारळ्याला लावण्याचा विचारसुद्धा आपल्या मनात येत नाही, हे मला खटकते.

इथिओपियात होलेटा येथील संशोधन केंद्रात नुगावर काम चालते. जबलपूरला कारळ्यावर चालते. दोन्हीकडचे प्रश्न तेच आहेत: परपरागामुळे वाण शुद्ध राहत नाही, दाणे गळतात, अमरवेल पीक गिळते, आणि तेलाचा उतारा हवा तितका पडत नाही. इथिओपियाच्या पठारावर या पिकाची विविधता सर्वांत अधिक आहे. दिंडोरी-मंडल्याच्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या जाती हलक्या जमिनीत तग धरणाऱ्या आहेत. अशा वेळी शिष्यवृत्ती देऊन इथिओपियाच्या दोन विद्यार्थ्यांना इथे बोलाविणे पुरेसे नाही. इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानेही दोन हंगाम होलेट्याला काढावेत, तेथील शेतकरीण नुगाचे बी कसे निवडते ते तिच्याजवळ बसून शिकावे, आणि त्यासाठी अम्हारिक भाषा शिकावी. आपल्या देशात आफ्रिका-अध्ययनाचा विभाग दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आहे. भाषा शिकविण्याची सोय कृषी विश्वविद्यालयापर्यंत आणणे अशक्य नाही. एकत्रित संकरातून जे वाण निघेल ते दोन्ही देशांत एकाच वेळी प्रसारित व्हावे, त्याच्या नोंदीत दोन्हीकडच्या मूळ जातींची आणि त्या जतन करणाऱ्या गावांची नावे असावीत, आणि त्याच्या विक्रीतून काही मिळाल्यास त्याची वाटणी आधीच लिहून ठेवावी. सुदानमध्ये १९८३ साली कोरडवाहू संकरित ज्वारी आली ती गेबिसा एजेटा या इथिओपियन शास्त्रज्ञाने पतनचेरूच्या संस्थेसाठी तेथे काम करीत असताना घडविली होती. पुढे २००९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातल्या संस्थेसाठी एका आफ्रिकी माणसाने आफ्रिकेत राहून हे काम केले, आणि ते कोणत्याही शिखर परिषदेच्या आधीचे आहे.

छावणीतल्या केंद्राविषयीही एक सूचना. प्रत्येक रेजिमेंटला आपल्या लढायांचे स्मरण ठेवण्याची परंपरा असते, आणि ती योग्य आहे. जवानांना आफ्रिकेत पाठविण्यापूर्वी त्यांना ऑपरेशन खुकरीबरोबर टांग्याचीही हकीकत सांगावी. तेथे आपल्या समोर कोण होते आणि त्यांना व आपल्याला तेथे कोणी उभे केले होते, तेही सांगावे. टांगा, कैलाहुन आणि गोमा ही नावे नकाशावर एका ओळीत येत नाहीत, पण किवूच्या एखाद्या खेड्यात नाक्यावर उभ्या असलेल्या ग्रेनेडियरला समोरून येणारी म्हातारी आपल्याकडे अशा नजरेने का पाहते हे समजावयास त्यांतले प्रत्येक नाव उपयोगी पडेल.